गाडीचा फ्यूज आपणच बदलू या



उमरेड, मौदा, कळमेश्वर, हिंगणा, कुठूनही निघा. पेशंटला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं म्हटलं की गाडी पुष्कळदा नागपूरच्या धंतोलीकडे वळते. तिथं गल्लोगल्ली दवाखाने. आता आपल्या गटांतल्या काही जणी स्वतः गाडी चालवतात. पण रात्रीच्या पावसात वायपर बंद पडला, मागच्या सीटवर अडलेली बाई असली, तर गॅरेज कुठं शोधणार? अशा वेळी पुष्कळदा एखादा फ्यूज उडालेला असतो. तो बदलायला पाच मिनिटं पुरतात. म्हणून आज आम्ही तेवढंच सांगणार आहोत.

घरी मीटरजवळ चिनी मातीचा फ्यूज असतो ना, तसाच हा. आत धातूची बारीक पट्टी असते. करंट जास्त झाला की ती वितळते आणि पुढची तार जळण्यापासून वाचते. म्हणजे फ्यूज हा राखणदार आहे.

आधी बघा, काय काय बंद आहे. एकच हेडलाइट गेला असेल तर बहुधा बल्ब गेलेला असतो. पण वायपर, हॉर्न किंवा मोबाइल चार्जिंगचा सॉकेट एकदम मुका झाला, तर फ्यूज बघायचा.

गाडी रस्त्याच्या कडेला घ्या. इंजिन बंद करा, चावी काढा. पुष्कळ गाड्यांत एक फ्यूजची पेटी स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असते. दुसरी बॉनेटखाली, बॅटरीजवळ. कुठला फ्यूज कशाचा, ते झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पेटीत प्लास्टिकचा छोटा चिमटा असला तर त्यानं फ्यूज सरळ वर ओढा आणि टॉर्चसमोर धरा. आतली पट्टी तुटलेली किंवा काळी पडलेली दिसली, तर तो उडाला.

नवा बसवताना त्याच नंबरचा बसवा. नंबर वरच लिहिलेला असतो, रंगही ठरलेले असतात: 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. जवळ नसला तर चार्जिंग सॉकेटचा किंवा रेडिओचा त्याच नंबरचा फ्यूज काढून तात्पुरता लावता येतो. ब्रेक आणि एअरबॅगच्या फ्यूजला मात्र हात लावू नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. फ्यूजच्या जागी तार, चांदी किंवा मोठ्या नंबरचा फ्यूज कधीही घालायचा नाही. "आजच्यापुरतं चालून जाईल" असं कुणी म्हटलं तरी नाही. तसं केलं की राखणदारच उरत नाही. पट्टीऐवजी तार तापते आणि गाडी पेट घेऊ शकते. आत पेशंट झोपलेला असतो, हे विसरू नका.

नवा फ्यूजही लगेच उडाला, तर तिसरा लावू नका. कुठंतरी तार घासून शॉर्ट झाली आहे. ते काम इलेक्ट्रिशियनचं. वायपर किंवा हेडलाइट बंद असताना अंधारात, पावसात गाडी दामटू नका. 108 ला फोन करून अँब्युलन्स बोलवा, किंवा गावातली दुसरी गाडी मागवा.

येत्या बैठकीला गाडी अंगणात उभी करा, पेटी उघडा, प्रत्येकीनं एक फ्यूज काढून पुन्हा बसवून बघा. आणि 10, 15, 20 चे दोन-दोन फ्यूज टॉर्चसोबत गाडीत ठेवून द्या.