न्हाणं डोक्याचं, तपासणी रक्ताची

आज आपण केस धुण्याबद्दल बोलणार आहोत आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करणार आहोत.

आमच्या गटातल्या एका ताईंनी बैठकीत पदर मागे सारून भांग दाखवला. केस विरळ होऊन टाळू दिसत होती. शाम्पूने डोकं चुरचुरतं, म्हणाल्या. आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "रिठा लावा. झाडाचाच आहे, अपाय नाही." ताईंनी रिठ्याची पूड कालवून टाळूला चोळली आणि तासभर ठेवली. दुसऱ्या दिवशी टाळू लालबुंद, खाज काही थांबेना.

नैसर्गिक म्हणजे सौम्यच असं नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. रिठ्यात आणि शिकेकाईत फेस करणारा घटक असतो, तोच तेल आणि मळ काढतो. रिठ्याचा जोर जास्त. म्हणून तर सोन्याचे दागिने आपण रिठ्याने उजळतो!

मग नाजूक टाळूला काय चालेल? रिठा वगळा. दोन चमचे शिकेकाई आणि एक चमचा आवळकाठी रात्री दोन पेले पाण्यात भिजत घाला. सकाळी दहा मिनिटं मंद उकळा, गार करा आणि मऊ फडक्यातून गाळा. गाळणं चुकवू नका, कारण भुकटीचे कण टाळूला घासतात आणि केसांत अडकतात. हे पाणी बोटांनी हळूच लावा, नखांनी नको. दोन-तीन मिनिटांत भरपूर पाण्याने धुवा. डोळे मिटून घ्या, फार झोंबतं. उरलेलं पाणी साठवू नका, ते आंबतं.

दारात जास्वंद असेल तर मूठभर पानं पाण्यात कुस्करा. बुळबुळीत रस निघतो. त्याने फेस कमी येतो, पण हलका मळ निघतो.

काहीही नवं लावण्याआधी थोडं कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. खाज आली तर ते तुमच्यासाठी नाही. कपड्याचा साबण, खायचा सोडा आणि नुसता लिंबाचा रस डोक्याला लावूच नका. फेस कमी आला म्हणून डोकं मळकट राहिलं असंही समजू नका.

आता खरी गोष्ट. शिकेकाई डोकं स्वच्छ करते, गेलेले केस परत आणत नाही. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुठीने केस जातात, तेही बहुतेकींचे वर्षभरात भरून येतात. पण एरवी भांग रुंदावत असेल, सोबत थकवा, धाप, चक्कर असेल, तर दोष डोक्यावर नाही, अंगातल्या रक्तात शोधा.

आमच्या ताईंना उपकेंद्रात नेलं, तर हिमोग्लोबिन निघालं ८. ते १२ तरी हवं. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं आणि पाळीत अंगावरून जास्त जातं हे कुणाला सांगायचं नाही, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. आम्ही मात्र त्यांना रिठा सुचवत बसलो!

त्यांना लोहाच्या गोळ्या मिळाल्या. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर बरं. पाच-सहा महिन्यांनी भांगाकडेला बारीक नवे केस दिसू लागले. रक्त ठीक असूनही केस गळत असतील तर थायरॉइड तपासायला सांगा. गोल चट्टा पडला किंवा पू झाला तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आमच्या गटाने आता ठरवलंय, कुणी केसांची तक्रार केली की आधी विचारायचं, "रक्त कधी तपासलंस?" तुमच्या पुढच्या बैठकीत तुम्हीही एकमेकींना हे विचारा. आणि हो, आज जेवायला घरच्यांबरोबरच बसा.