काकूंचं पान



फौजी माणूस बोलायला बसला की लोकांना सीमेवरचे किस्से हवे असतात. आज ते नाहीत. मी सिग्नल्समध्ये होतो, महूला शिकलो, पुढे बरीच वर्षं जवानांना शिकवलं, आणि लेफ्टनंट कर्नल म्हणून घरी आलो. आज सांगणार आहे ते काशीच्या ब्रह्मा घाटावरच्या एका बासष्ट वर्षांच्या बाईंना मी वेबपेज करायला शिकवलं, त्याबद्दल. शिकवलं म्हणतोय खरा, पण पुष्कळदा मीच शिकत होतो.

ब्रह्मा घाट हे माझ्या बायकोचं माहेर. पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट हा पट्टा म्हणजे काशीतली मराठी वस्ती. अठराव्या शतकात पेशव्यांना गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर इथे येऊन राहिले. दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट बांधून घेण्यामागे त्यांचंच नाव सांगतात. तेव्हापासूनची घराणी अजून आहेत. बाहेर हिंदी आणि भोजपुरी, उंबऱ्याच्या आत मराठी. ती मराठीही त्यांची खास. वीज गेली की तिथे ‘बत्ती गेली’ म्हणतात.

तर आमच्या या काकू. बायकोच्या धाकट्या काकांच्या पत्नी. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण नात्यानं सासू. त्या मला ‘जावईबापू’ म्हणतात आणि मी त्यांना अहोजाहो करतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

काका उपाध्येपण करायचे. वरच्या मजल्यावर पाच खोल्या होत्या, त्या महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना द्यायचे. जेवण काकूंच्या हातचं. २०१७ साली एका ओळखीच्या मुलानं आठ हजार रुपये घेऊन त्यांचं वेबपेज करून दिलं. छान होतं. गंगेचा फोटो, खोल्यांचे फोटो, खाली काकांचा मोबाइल नंबर. २०२० च्या दिवाळीनंतर काका गेले. त्यांचं कार्ड रिचार्ज करायचं कुणाच्या ध्यानात राहणार? नंबर बंद झाला आणि काही महिन्यांनी कंपनीनं तो दुसऱ्या कुणाला तरी दिला.

हे घरात कुणाला माहीत नव्हतं. कळलं कसं, तर सांगलीचं एक कुटुंब बिंदुमाधवाच्या देवळात काकूंना भेटलं. पूर्वी दोनदा त्यांच्याकडे उतरलेलं. म्हणाले, ‘काकू, आम्ही स्टेशनवरून फोन केला होता, पण काका फारच चिडले हो. पुन्हा फोन केलात तर बघा म्हणाले. मग आम्ही दुसरीकडे उतरलो.’

काकूंनी त्यांना तिथेच सांगितलं की काका जाऊन सव्वा वर्ष झालं. पण घरी येऊन त्यांनी माझ्या बायकोला फोन केला तेव्हा त्या खोल्या रिकाम्या राहतात म्हणून रडत नव्हत्या. ‘चाळीस वर्षांत यजमानाला वावगा शब्द बोलले नाहीत गं ते. आणि आता लोक समजतात, म्हातारा शिव्या देतो.’

पान करून देणाऱ्या मुलाचा पत्ता लागेना. त्याचा फोन बंद, घर सोडलेलं. पानाचं नाव त्याच्या नावावर घेतलेलं, जागा त्याच्या खात्यात, पासवर्ड त्याच्याकडे. म्हणजे काकूंच्या घराची पाटी होती, पण तिला हात लावायचा अधिकार काकूंना नव्हता. मी म्हटलं, काळजी करू नका, मी नवीन करून देतो, दोन दिवसांचं काम. काकू गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आणि तुम्ही नसाल तेव्हा?’

प्रश्न सरळ होता. मी चौसष्टचा होतो, एक स्टेंट पडलेला. म्हटलं, बरं, मग तुम्हीच शिका.

२०२२ च्या फेब्रुवारीत आम्ही तीन आठवडे काशीला राहिलो. भाच्याचा एक जुना लॅपटॉप होता, विंडोज सेव्हनवाला. बॅटरी मेलेली. माडीवरच्या जाळीच्या खिडकीशी टेबल मांडलं. (जाळी माकडांसाठी. काशीत उघड्या खिडकीत चार्जर ठेवू नये, एवढंच सांगतो.)

फौजेत शिकवायची एक ठरलेली चाल असते. आधी बयान, मग नमुना, मग समोरच्याकडून करून घ्यायचं, चुकला की ओरडायचं, की तो पुन्हा करतो. पहिल्या दिवशी मी अर्धा तास बयान केलं. सर्व्हर म्हणजे काय, ब्राउझर म्हणजे काय, टिम बर्नर्स-ली, सर्न, १९९१. काकू अदबीनं ऐकत होत्या. जावई बोलतोय म्हटल्यावर मध्ये कोण बोलणार? संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘चहा ठेवू?’

तेव्हा कळलं की इथे ती चाल चालायची नाही. ओरडणं तर शक्यच नव्हतं. मग मी एकच नियम केला: कीबोर्डला मी हात लावायचा नाही. तुम्हाला सांगतो, समोरचा माणूस एक अक्षर दीड मिनिट शोधतोय आणि आपल्याला ते दिसतंय, अशा वेळी हात मांडीखाली दाबून बसणं हे अवघड काम आहे.

नोटपॅड उघडलं. कोरी फाइल. त्यात काकूंनी आपलं आडनाव आणि ‘ब्रह्मा घाट, काशी’ एवढं लिहिलं. फाइलला नाव दिलं इंडेक्स डॉट एचटीएमएल. उघडायला गेलो तर ती पुन्हा नोटपॅडमध्येच उघडे. नवशिक्याच्या वाटेतला हा पहिला खड्डा. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं आणि नोटपॅड आपलं स्वतःचं शेपूट गुपचूप जोडतं. म्हणजे नाव झालं होतं इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी. शेपूट दिसेल अशी सेटिंग केली, नाव दुरुस्त केलं, उघडलं. आता ब्राउझरमध्ये उघडली, पण अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

हा दुसरा खड्डा. जुनं नोटपॅड फाइल साठवताना ‘एएनएसआय’ नावाची जुनी पद्धत धरून चालतं, आणि त्यात देवनागरीला जागाच नाही. ते तसा इशाराही देतं, पण इंग्रजीत. काकूंनी ‘ओके’ दाबून टाकलं होतं. साठवताना खालच्या खान्यात ‘यूटीएफ-८’ निवडायचं आणि पानाच्या डोक्यातही तसं लिहायचं, मग सगळं जागेवर येतं. पण गेलेली अक्षरं परत येत नाहीत, ती पुन्हाच लिहावी लागतात. काकूंनी लिहिली. स्क्रीनवर आडनाव उमटलं तेव्हा त्या थोडा वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, ‘एवढंच?’

एवढंच. पुढचं सगळं याच्यावरच चढत जातं.

खुणा शिकवताना मी पुन्हा बयानाच्या मार्गाला लागलो होतो. कोनी कंसात ‘पी’ लिहिलं की परिच्छेद सुरू, तीच खूण तिरकी रेघ देऊन लिहिली की संपला. काकू म्हणाल्या, ‘म्हणजे अथ आणि इति.’ पोथ्यांच्या घरातली बाई. अध्यायाला अथ असतं आणि इति असतं, ते चुकून चालत नाही. मी तीस वर्षांत इतकं नेमकं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून आमच्यात ‘टॅग’ हा शब्दच बंद झाला. ‘काकू, इति राहिलं,’ एवढं म्हटलं की पुरे. एकाच्या आत दुसरं असेल तर आतलं आधी मिटवायचं, हेही त्यांनीच लावलं: रात्री आधी माडीचं दार, मग चौकाचं, मग गल्लीचं.

चौथ्या दिवशी बत्ती गेली आणि दीड तासाचं काम गेलं. कंट्रोल-एस कधी दाबायचं ते मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

मग अडलं ते ‘पायऱ्या’ या शब्दावर. घाटावरच्या घराचं पान, त्यात पायऱ्या तर येणारच. पण लॅपटॉपवर हिंदी कीबोर्ड बसवलेला होता. त्यावरून काकूंनी लिहिलं की ‘र’ उडी मारून ‘या’च्या डोक्यावर रफार होऊन बसे. काकू वैतागल्या. ‘शाळेत हिंदी, घरात मराठी, जन्मभर दोन्ही लिहिलं. हे यंत्र मला मराठी विसरायला लावतंय.’ मराठीच्या या अर्ध्या र साठी युनिकोडमध्ये वेगळं अक्षर आहे, खाली नुक्ता असलेला ‘ऱ’. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की तो येतो, मग हलन्त, मग य. तसाच शिफ्ट आणि एन म्हणजे ळ. मराठीचा इनस्क्रिप्ट बसवला, काकूंनी एका कागदावर कळांचा नकाशा काढून भिंतीला चिकटवला, आणि आठवड्याभरात त्यांची बोटं बसली.

ल आणि श यांचंही तेच. हिंदी वळणाचा ल वेगळा, आपला पाकळीचा वेगळा. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिलेत. काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं असतात. पानाच्या अगदी पहिल्या ओळीत भाषा मराठी आहे असं नोंदवलं, म्हणजे ‘लँग’पुढे ‘एमआर’ लिहिलं, की असा फॉन्ट आपणहून मराठी वळण दाखवतो. मी ती ओळ इतकी वर्षं सवयीनं टाकत होतो. काकूंनी फरक डोळ्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, ‘आता घरचं वाटतं.’

बाकीचं भराभर सांगतो. यात्रेकरू पान मोबाइलवरच बघणार, म्हणून डोक्यात ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ हवी, नाहीतर मोबाइल ते पान मोठ्या पडद्याचं समजून मुंगीएवढं करून दाखवतो. फोटो कमी आणि लहान करून घातले. फोन नंबर असा लिहिला की बोट लावलं की थेट लागेल. दिसायला आकडे मराठी, पण खुणेच्या आत मात्र इंग्रजी आकडे आणि आधी अधिक एक्क्याण्णव. आतही मराठी आकडे ठेवले की फोन लागत नाही.

आणि मग ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते. पान ठेवायची जागा फुकट मिळते, आम्ही गिटहबवर ठेवलं. पण नाव भाड्यानं असतं, वर्षाच्या कराराचं. ते कुणाच्या ईमेलवर घेतलंय तो खरा मालक. काकूंना विचारलं, नाव मराठीतही घेता येतं, शेवटी ‘डॉट भारत’, २०१४ पासून मिळतं. त्यांना आवडलं, पण टायपायला लोकांना जड म्हणून इंग्रजीतलंच घेतलं. काकूंचा ईमेल, काकूंचं कार्ड, काकूंचा पासवर्ड. मी तोंड भिंतीकडे करून उभा राहिलो. तो पासवर्ड मला आजही माहीत नाही. त्यांनी तो पंचांगात लिहून ठेवलाय एवढं माहीत आहे. सुरक्षेच्या दृष्टीनं हे बरोबर नाही, पण काशीच्या घरातलं पंचांग आणि दिल्लीच्या कचेरीतलं टेबल यांत मला पंचांग जास्त भरवशाचं वाटतं.

नव्या पानावर काकूंनी पहिलं वाक्य स्वतः लिहिलं: काका नाहीत, जुन्या नंबरावर फोन करू नका, तिथे दुसरे गृहस्थ आहेत आणि त्यांना उगाच त्रास होतो. मी म्हटलं, काकू, धंद्याच्या पानावर आधी खोल्यांची माहिती टाका. त्या म्हणाल्या, ‘आधी हे.’ मी सासूशी वाद घातला नाही. जुनं पान काही आमच्यानं उतरवता आलं नाही. वर्षभरानं त्याच्या नावाचं भाडं संपलं तेव्हा ते आपोआप गेलं.

आम्ही पुण्याला परतलो. ऑगस्टअखेर काशीत पूर आला. राजघाटाच्या मोजपट्टीवर ७०.२६ मीटर म्हणजे इशारा आणि ७१.२६ म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी धोक्याच्या वर गेलं. घाट बुडालेले, होड्या बंद. बातम्या बघून मी फोन करणार होतो, पण आधी सहज पान उघडलं. वर नवीन मजकूर होता: पूर आहे, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली आहेत, नाव चालत नाही, ज्यांनी खोली सांगून ठेवली आहे त्यांनी निघण्याआधी फोन करावा. खाली त्या दिवशीची पाण्याची पातळी आणि तारीख. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आकडा बदललेला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ‘पायऱ्या’ बरोबर लिहिलेलं होतं.

फक्त ‘पूर आहे’ हे शब्द ठळक करताना त्यांचं इति राहिलं होतं. त्यामुळे तिथपासून खाली सगळं पान, खोल्या, जेवणाच्या वेळा, फोन नंबर, ठसठशीत काळ्या अक्षरांत. फोन केला तेव्हा मी ते बोललो नाही. काकूंनीच विचारलं, ‘पाहिलंत का हो?’ म्हटलं, पाहिलं, उत्तम आहे. ‘अक्षर मोठं दिसतंय ना आता? लोकांना वाचायला बरं.’

पूर ओसरला, होड्या सुरू झाल्या, वरचा मजकूर काकूंनी काढला. त्याच्याबरोबर ती खूणही गेली आणि अक्षरं पुन्हा बारीक झाली. तेव्हा मात्र मला फोन आला, ‘जावईबापू, माझी अक्षरं कुठे गेली?’