गोधडीचा हिशेब

(बचत गट आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. लिहून काढताना बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



गोधड्यांचा उद्योग सुरू करावा असं इथल्या बऱ्याच गटांच्या मनात आहे, म्हणून मला बोलावलंत. मी गोधड्यांचं दुकान चालवते. नव्या गोधड्या शिवून घेते, जुन्या विकत घेते आणि त्यासाठी जुनी लुगडी, धोतरं, खण, जरीचे पदर शोधत हिंडते. कापडामागे हिंडताना पितळेची भांडी, फणेरपेट्या, जुने दागिनेही समोर येतात. त्यातलंही थोडं दुकानात असतं.

गोधडी ही आपल्याकडे कौतुकाची गोष्ट झाली आहे. आजीची माया, आईची ऊब, असं बोललं जातं. मायेबद्दल माझी तक्रार नाही. पण मायेचं नाव घेतलं की पैशाचं बोलणं बंद होतं, हा माझा दुकानातला रोजचा अनुभव आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "जुन्याच तर साड्या, हातानंच तर शिवलेली, मग एवढी किंमत कशी?" हाच प्रश्न उद्या तुम्हाला विचारला जाणार आहे. म्हणून आज मी गोधडीच्या मागे उभ्या असलेल्या तीन बायकांविषयी बोलणार आहे. एक जुनं कापड विकणारी, दुसरी ते गोळा करणारी आणि तिसरी शिवणारी.

पहिली, विकणारी. जुनं लुगडं घरातून बाहेर पडतं ते बहुतेक वेळा म्हातारी गेल्यावर किंवा घर बदलताना. शेत, घर, दुकान यांचा व्यवहार पुरुष करतात. पण पेटीतलं लुगडं कुणाला द्यायचं, विकायचं की गोधडीत घालायचं, हे आजही पुष्कळ घरांत बाई ठरवते. बाईच्या हाती असलेली ही एवढीच मालमत्ता. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात 1994 च्या दुरुस्तीनं आणि देशभर 2005 च्या दुरुस्तीनं मिळाला. तरी बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करायची आणि आईचं एक लुगडं आठवण म्हणून घेऊन जायचं, हे चालूच आहे. तेव्हा कुणी माझ्यापुढे आईची पैठणी ठेवली की मी आधी विचारते, घरात बहिणी आहेत का, त्यांना विचारलंत का? धंद्याच्या दृष्टीनं हा शहाणपणा नाही, पण मी विचारते.

पैठणीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. जुन्या जरीत चांदी असते. चांदीची तार बारीक ओढून, ठोकून, रेशमाच्या धाग्यावर गुंडाळायची आणि तिला सोन्याचा मुलामा द्यायचा, ही खरी जर. म्हणून "जुनी जर, जुने शालू" असं ओरडत फिरणारे लोक वजनावर पैसे देतात, आणि पुढे कापड जाळून चांदी वितळवतात. विणकरानं महिनोन् महिने विणलेल्या पदराची राख होते. तुमच्या गावात कुणी जर विकत असेल तर काठ खरवडून बघा. मुलाम्याखाली पांढरी चांदी दिसली तर ती खरी. मग वजनावर देऊ नका, पदराची किंमत मागा. सुताची परीक्षाही सोपी आहे. एक धागा काढून जाळायचा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो, रेशमाला केस जळल्यासारखा आणि नायलॉन-पॉलिएस्टरचा कडक मणी होतो. इरकली लुगड्याचा पदर वेगळ्या ताण्यावर असतो आणि अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. त्या जोडावरून मागावरचं इरकल ओळखता येतं.

भांड्यांविषयी एक निरीक्षण सांगते. बाजारात आलेल्या जुन्या पितळी भांड्यावर बहुतेक नाव कोरलेलं असतं. लग्नात कुणी दिलं, मुंजीत कुणी दिलं, त्याचं नाव आणि तारीख. ते नाव पुष्कळदा पुरुषाचं असतं. पन्नास वर्षं ज्या बाईनं ते भांडं राखेनं घासलं तिचं नाव त्यावर क्वचितच दिसतं. गोधडीवर तर कुणाचंच नाव नसतं. माझ्या दुकानातल्या कितीतरी गोधड्या कुणी शिवल्या हे विकणाऱ्या घरालाही सांगता येत नाही. "आमच्याकडे असायच्या," एवढंच उत्तर मिळतं.

दुसरी, गोळा करणारी. बोहारीण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मुंबई-पुण्यात हे काम करणाऱ्या पुष्कळशा बायका गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीवर कपड्यांचं गाठोडं. नवं भांडं तिनं आधी स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशानं घेतलेलं असतं. आपण दारात तिच्याशी घासाघीस करतो आणि "कशी गंडवली" म्हणून हसतोही. तिच्या गाठोड्यातलं धड कापड दुरुस्त होऊन, इस्त्री होऊन पुन्हा गरिबाच्या अंगावर जातं. फाटकं यंत्र पुसायच्या चिंध्यांत जातं. हा सगळा माल आज शिकलेली माणसं ज्याला "पुनर्वापर" म्हणतात त्याच्या कितीतरी आधीपासून या बायका डोक्यावरून वाहत आहेत.

माझं सुती कापड बरंचसं त्यांच्याकडून येतं. सुती कापड आता मिळणंच अवघड झालं आहे. घरोघरी पॉलिएस्टर साडी आली. ती टिकते, लवकर वाळते, इस्त्री लागत नाही, म्हणून राबणाऱ्या बाईनं ती घेतली, यात तिचं काही चुकलं नाही. पण गोधडीत ती सरकते आणि घाम शोषत नाही. त्यामुळे गिरणीचं किंवा मागावरचं मऊ झालेलं सुती लुगडं आता शोधावं लागतं. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात जुनं कापड आलं की त्याला चढा भाव लागतो. तो भाव बोहारणीपर्यंत पोचत नाही. मी तिच्याकडून नगावर, रोख पैशानं घेते, आणि सुती नऊवारी काय भावानं विकली जाते हे तिला सांगते. भाव ठाऊक असणं ही पहिली ताकद आहे.

इथे एक कडू गोष्ट बोलायला हवी. जुन्या वस्तूंचं प्रेम सगळ्यांना परवडत नाही. जुनं कापड म्हणजे कुणाला आजीची आठवण, तर कुणाला मालकिणीनं उपकार म्हणून दिलेलं टाकाऊ. डिसेंबर 1927 मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना सांगितलं की, तुमच्या लुगडं नेसण्याच्या रीतीवरून तुमची जात ओळखली जाते, ती रीत बदला. गळ्यातले, हातातले ते कथलाचे आणि चांदीचे जड दागिनेही टाका. बायकांनी ते ऐकलं. आज तशाच घडणीचे जुने दागिने शहरातल्या दुकानांत काचेच्या कपाटात दिसतात आणि शोभेची वस्तू म्हणून मोठ्या किमतीला जातात. एकीनं अपमानाची खूण म्हणून टाकलेलं दुसरी फॅशन म्हणून घालते. विकू नका असं मी म्हणत नाही, मीही जुने दागिने विकते. पण त्यांच्यावर नुसतं "पारंपरिक" असं लिहून मोकळं होऊ नका. कोण ते घालत होतं आणि कुणी ते का टाकलं, हेही सांगा.

कायद्याचंही लक्षात ठेवा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार 100 वर्षांहून जुन्या पुरावशेषांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. देवघरातली जुनी मूर्ती कुणी गटाकडे विकायला आणली तर घेऊ नका.

आता तिसरी, शिवणारी. इथेच हिशेब सगळ्यात जास्त चुकतो, कारण शिवण्याचा वेळ कुणी मोजतच नाही. गोधडीला पाच-सहा लुगडी लागतात. ती धुवायची, उसवायची, विरलेला भाग काढायचा, थर अंथरायचे, कच्चा टाका घालायचा आणि मग कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. वाकून वाकून पाठ धरते, सुई बोटात शिरते, डोळे दुखतात. आणि हे सगळं स्वयंपाक, पाणी, शेत उरकून. म्हणून सगळे म्हणतात, "फावल्या वेळात करते." बाईला फावला वेळ असतो हे कुणी पाहिलं आहे?

हिशेब मांडून बघू. समजा एका गोधडीला 80 तास लागले. आठ तासांच्या दिवसाची मजुरी फक्त 400 रुपये धरली, तर दहा दिवसांचे 4,000 रुपये झाले. त्यात कापड, दोरा, धुलाई, भाडं, दुकानाचा खर्च धरायचा. आणि व्यापारी गटाला सांगतो, "नग 800 रुपये देतो, घरबसल्या काम आहे." म्हणजे ताशी 10 रुपये. हा आकडा फळ्यावर लिहिला की बाया गप्प होतात आणि मग एकदम बोलायला लागतात. गटात पहिलं काम हेच करा. घड्याळ लावा, वहीत तास लिहा.

ही लढाई आपल्या आधी दुसऱ्या बायकांनी लढली आहे. अहमदाबादेत 1972 साली इला भट्ट यांनी 'सेवा' ही कष्टकरी बायकांची संघटना उभी केली. तिथल्या मुस्लिम वस्तीतल्या बायका गिरण्यांच्या चिंध्या जोडून रजयांच्या खोळी शिवत. चिंधी व्यापाऱ्याची, मशीन आणि दोरा बाईचा, आणि दर व्यापारी ठरवणार. दर वाढवून मागितले तर काम बंद. तेव्हा 'सेवे'नं चिंधी थेट गिरण्यांकडून मिळवली आणि बायकांची सहकारी संस्था काढली. कच्चा माल कुणाच्या हातात आहे यावर मजुरी ठरते, हे त्यांनी ओळखलं होतं.

दुसरं उदाहरण दूरचं आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज् बेंड नावाची वस्ती आहे. गुलामांच्या वंशजांची. तिथल्या काळ्या बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. मताधिकाराच्या चळवळीत भाग घेतला म्हणून त्या भागातल्या कुटुंबांना घराबाहेर काढण्यात आलं. त्याच काळात, 1966 मध्ये, 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही गोधड्या शिवणाऱ्या बायकांची सहकारी संस्था तिथे उभी राहिली. पुढे एका संग्राहकानं गावातून जुन्या गोधड्या विकत घेतल्या. 2002 मध्ये त्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागल्या, 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. आणि 2007 मध्ये तिथल्याच काही बायका कोर्टात गेल्या. आमच्या कामाचा, आमच्या नक्षीचा पैसा आम्हाला पुरेसा मिळाला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. 2008 मध्ये ते दावे आपसात मिटले. भिंतीवर मान मिळाला तरी हिशेब विचारावाच लागला.

घरी बसून काम करणाऱ्या कामगारांना इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1996 मध्ये केला. क्रमांक 177. भारतानं त्याला मंजुरी दिलेली नाही. आपल्या मागणीपत्रात ही मागणी असायला हवी.

माझ्या दुकानात मी चार नियम पाळते, पटले तर घ्या. एक, मजुरी नगावर दिली तरी दर तास मोजून ठरवायचा, आणि गोधडी विकली जाईपर्यंत मजुरी थांबवायची नाही. दोन, प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव आणि साल टाक्यानं घालायचं, तिची इच्छा असेल तर. तीन, गिऱ्हाइकाला किमतीची फोड दाखवायची. कापड किती, मजुरी किती, दुकानाचं किती. काही गिऱ्हाइकं उठून जातात. जी थांबतात ती पुन्हा येतात. चार, जुनी गोधडी घेताना शिवणारी हयात असेल तर तिला समोर बसवून, तिच्याशी भाव ठरवायचा आणि पैसे तिच्या हातात द्यायचे, मुलाच्या नाही.

या नियमांनी दुकान श्रीमंत होत नाही. मंदीच्या महिन्यात भाडं भरायची ओढाताण होते. वर्षाला शिवून होतात त्या गोधड्याही थोड्याच. मशीनवर छापील कापडाच्या भराभर शिवलेल्या गोधड्या निम्म्याहून कमी किमतीला मिळतात, त्यांच्याशी आपण किमतीत टिकणार नाही. आपण टिकू ते टिकाऊपणावर, हातावर आणि खरं सांगण्यावर.

शेवटी एक विनंती. आपल्याच अहवालांत आपण लिहितो, "महिलांनी गोधड्या शिवून संसाराला हातभार लावला." हातभार हा शब्द काढून टाका. तिथे मजुरी लिहा, तास लिहा, रुपये लिहा. शिबिरातून गटात गेल्यावर पहिली गोधडी अंथरण्याआधी वही उघडा. पहिल्या पानावर शिवणारीचं नाव घाला.