शाळेची वेस कोण आखतो?

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज मी अमेरिकेतल्या एका शाळा-जिल्ह्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हा गोदीतला हमाल, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, कविता खरडणारा, हा तिकडच्या शाळांच्या भानगडीत कशाला पडला? पडलो, कारण १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव त्या देशातल्या काळ्यांच्या लढ्यातून उचललं. नाव घेतलं, तर त्यांच्या पोरांच्या शाळेचं काय झालं हेही आपल्याला ठाऊक पाहिजे. गोळीबाराच्या, मोर्च्यांच्या गोष्टी सगळे सांगतात. नकाशावरच्या रेघेची गोष्ट कोणी सांगत नाही.

आधी एक समजून घ्या. तिकडे सरकारी शाळा चालवायला वेगळा शाळा-जिल्हा असतो. त्याची हद्द वेगळी, निवडून आलेलं मंडळ वेगळं, तिजोरी वेगळी. या तिजोरीत मोठा वाटा घरपट्टीचा. म्हणजे हद्दीत बंगले आणि कारखाने असतील तर शाळा श्रीमंत. हद्दीत खोपटी असतील तर शाळा भिकारी.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरातले दोन शाळा-जिल्हे घ्या. एजवूड हा गरीब मेक्सिकन वंशाच्या लोकांचा. तिथे शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १.०५ डॉलर कर, आणि पोरामागे जमा झाले २६ डॉलर. अलामो हाइट्स हा गोऱ्या पैसेवाल्यांचा. तिथे कर ०.८५ डॉलर, आणि पोरामागे जमा ३३३ डॉलर. जास्त दराने कर भरणाऱ्याच्या पोराला कमी! एजवूडचे पालक कोर्टात गेले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, यात घटनेचा भंग नाही. झालं.

आता मिझुरी राज्यात चला. सेंट लुईस हे तिथलं मिसिसिपी नदीवरचं बंदर. या राज्याने १८४७ साली कायदाच केला, की काळ्या माणसाला लिहायला-वाचायला शिकवणारी शाळा कोणी चालवायची नाही. तेव्हा जॉन बेरी मीचम नावाच्या काळ्या पाद्र्याने, जो स्वतः गुलामीतून स्वतःला विकत घेऊन सुटला होता, नदीत उभ्या असलेल्या बोटीवर शाळा भरवली असं सांगतात. नदीवर राज्याचा कायदा चालत नव्हता म्हणे. धक्क्यावर काम करणारा माणूस म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. जमिनीवर अक्षराला बंदी, तर पाण्यावर गिरवा!

सेंट लुईसच्या वायव्येला किनलॉक नावाची उपनगरी वस्ती. दक्षिणेकडे काळे, उत्तरेकडे गोरे. पोरांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या, पण शाळा-जिल्हा एक, मंडळ एक. उत्तरेकडच्या गोऱ्यांना तेवढंही खपेना. शाळा-जिल्हा फोडायचा प्रयत्न जमला नाही, तेव्हा १९३७ साली त्यांनी बर्कली नावाचं नवं शहरच स्थापन केलं, आणि पाठोपाठ शाळा-जिल्हाही तुटला.

आता विचार करा. शाळा तर आधीपासूनच वेगळ्या होत्या, बाकावर पोरं शेजारी बसत नव्हती. मग एवढा खटाटोप करून वेगळं काय करायचं होतं? तिजोरी आणि मत. काळ्या माणसाचा हात या दोन्हींपर्यंत पोचू नये म्हणून रेघ मारली गेली.

किनलॉकच्या दुसऱ्या अंगाला फर्ग्युसन. ते गाव मावळतीनंतर काळ्यांना बंद. किनलॉकहून येणारा मुख्य रस्ता साखळी आणि बांधकामाचं सामान टाकून अडवलेला. पण दुसरा एक रस्ता दिवसा उघडा ठेवलेला. कशाला? तर धुणीभांडी करायला, गोऱ्यांची पोरं सांभाळायला काळ्या बाया आल्या पाहिजेत! पोर सांभाळायला वेशीच्या आत, स्वतःचं पोर शिकवायला वेशीच्या बाहेर. आपल्या आज्ज्यांना हे भाषांतर करून सांगायची गरज नाही.

महायुद्धानंतर ही उपनगरं फुगली. फर्ग्युसनशेजारचं फ्लोरिसंट १९५० साली ४,००० वस्तीचंही नव्हतं, १९७० साली ६५,००० च्या वर गेलं. फर्ग्युसन-फ्लोरिसंट हा शाळा-जिल्हाही तसाच वाढला. ही वाढ आपोआप झाली नाही. घरकर्जाला सरकारची हमी होती, आणि ती हमी देणाऱ्या केंद्रीय खात्याच्या १९३८ च्या नियमपुस्तकात लिहिलं होतं, की ज्या वस्तीतल्या पोरांना दुसऱ्या वंशाच्या पोरांसोबत शिकावं लागतं तिचा भाव टिकत नाही. सरकारने कर्ज दिलं गोऱ्याला, घर उठलं गोऱ्याचं, घरपट्टी गेली गोऱ्या शाळेला. किनलॉकच्या वाट्याला आली रेघेपलीकडची उरलीसुरली जमीन.

१९५४ साली ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. कायदा गेला. रेघ मात्र तिथेच राहिली. किनलॉकच्या शाळा काळ्याच राहिल्या, भोवतालच्या गोऱ्याच राहिल्या, आणि सगळे म्हणू लागले, आता काय करणार, हद्दच तशी आहे!

१९७१ साली केंद्र सरकारने दावा लावला. तो चालू असतानाच १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार, सांगितलं, की शहरातला वर्णभेद मोडायला उपनगरांच्या शाळा-जिल्ह्यांना हात लावता येणार नाही. उपनगराने भेद केला असं सिद्ध झालं तरच. इथे किनलॉकची केस वेगळी पडली. कारण ही रेघ कोणी, कधी, कशासाठी मारली याचे कागद होते. १९७५ साली कोर्टाने किनलॉक आणि बर्कली हे दोन्ही शाळा-जिल्हे फर्ग्युसन-फ्लोरिसंटमध्ये विलीन करायला लावले. रेघ पुसली गेली!

इथे टाळ्या वाजवू नका. पुढचं ऐका.

शेजारच्या विमानतळासाठी १९८० नंतर किनलॉकची घरं विकत घेतली गेली. २०१० च्या जनगणनेत तिथे ३०० माणसंही उरली नव्हती. दुसरीकडे फर्ग्युसनमधून गोरे निघून गेले. १९७० साली तिथे शंभरात एखादाच काळा होता, २०१० साली ६७. शाळांत बहुसंख्य पोरं काळी झाली. मंडळ मात्र गोऱ्यांच्या ताब्यात. २०१४ च्या ऑगस्टमध्ये याच फर्ग्युसनमध्ये मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा पोरगा पोलिसाच्या गोळीने मेला आणि सगळ्या जगाला गावाचं नाव कळलं. त्या वर्षी सात जणांच्या शाळा-मंडळात काळा माणूस होता एक.

असं कसं? निवडणूक एप्रिलमध्ये, तेव्हा मतदान कमी. आणि प्रत्येक जागेला सगळा शाळा-जिल्हा मत देणार. म्हणजे ज्यांची पोरं शाळेत नाहीत पण मतदार यादीत नावं आहेत, ते सगळ्या जागा नेणार. त्याच डिसेंबरमध्ये काळ्यांच्या संघटनेने दावा लावला. २०१६ साली ही पद्धत मतदान हक्क कायद्याचा भंग ठरली, २०१८ साली अपिलातही तेच ठरलं. २०१९ साली नव्या रीतीने मतदान झालं: जेवढ्या जागा तेवढी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला टाकायची मुभा. म्हणजे थोड्यांनीही एकजूट केली तर त्यांचा माणूस निवडून येतो.

१९३७ ते २०१९. ब्याऐंशी वर्षं. बाकावर जागा मिळवायला एक लढा, तिजोरी एक करायला दुसरा, आणि मंडळाच्या खुर्चीसाठी तिसरा. पहिला जिंकला म्हणून पुढचे दोन आपोआप मिळाले नाहीत.

म्हणून दोस्तांनो, उद्या कोणी शाळेची हद्द, विभाग, वॉर्ड दाखवून म्हणाला, की हे असंच असतं, तर मुकाट ऐकू नका. तीन प्रश्न विचारा. रेघ कोणी मारली? पैसा कुठपर्यंत येऊन थांबतो? मंडळावर कोण बसलंय? उत्तर तोंडी घेऊ नका, कागद मागा. किनलॉकची केस कागदावर जिंकली गेली, आणि कागद वाचता यावा म्हणूनच तर तो पाद्री नदीत शाळा भरवत होता.