दुसरी तपासणी



मी डॉक्टर नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. कानाशी माझा संबंध आला तो कारखान्यात. यंत्रांच्या गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादीत होता, एवढे वाचून मी कामगारांच्या कानांसाठी भांडत आलो. जन्मतःच ऐकू न येणाऱ्या मुलाचा विचार मात्र कधी शिवला नव्हता. तो माझ्यापुढे ठेवला एका ऊसतोड बाईने.

तिचा मुलगा दीड वर्षाचा झाला तरी हाकेला वळेना. जन्मल्यावर त्याचे कान तपासले होते आणि 'पुन्हा आणा' असे सांगितले होते. तेवढ्यात पट्टा पडला, टोळी गावी गेली, आणि दुसरी तपासणी राहिली ती राहिलीच. आजीने पाठीमागे थाळी वाजवून पाहिली, तर पोर वळले! सगळे निश्चिंत झाले. सावली दिसली असेल, हादरा जाणवला असेल. पण आवाज पोचला नव्हता. आजीचा दोष नाही. बहिरे मूलही पहिले काही महिने हुंकार देते. मग कळावे कसे?

त्यासाठी यंत्र आहे. निरोगी कानात आवाज गेला की आतून अतिशय क्षीण पडसाद येतो, हे लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले. झोपलेल्या बाळाच्या कानात लहानसे बूच बसवून तो पडसाद मोजतात. टोचणे नाही, दुखणे नाही. पहिल्या एकदोन दिवसांत कानात ओल असली तरी पडसाद येत नाही. म्हणून पहिली नापास म्हणजे बहिरेपणाचा शिक्का नव्हे. आणि ती विसरण्याजोगीही नव्हे. नक्की निदान 'बेरा' तपासणीने होते. तिच्यात आवाज मज्जातंतूंतून मेंदूकडे पोचतो का ते कळते. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळाची ही तपासणी अवश्य करावी.

हिशेब सोपा आहे: एक, तीन, सहा. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि भाषेचे शिक्षण, मग ती भाषा बोलीची असो वा खुणांची. भाषा रुजण्याचे दिवस थांबून राहत नाहीत.

२०१७ पासून कायद्याने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. म्हणजे बरोबर हे सहा महिने. ऊसतोड बाईला ही रजा कोण देतो? तिच्यासाठी सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला; जन्मजात बहिरेपणा त्याच्या यादीत आहे आणि पुढचे उपचार मोफत आहेत. पण टोळी हलली की बाळाचा कागद मागे राहतो.

श्रोतेहो, मुकादमाच्या वहीत उचल पैन्‌पै लिहिलेली असते. माझे मागणे एवढेच: त्याच वहीत बाळाच्या दुसऱ्या तपासणीची तारीख लिहा, आणि ज्या गावी जाल तिथल्या आशाताईला ती दाखवा. तुमच्या घरी पाळणा हलत असेल, तर आज परत गेल्यावर बाळाचा कागद काढा. त्यावर 'पुन्हा आणा' असे असेल, तर उद्याच निघा.