जाळीतून सुटलेला वारा



अध्यक्षाने आपल्या विषयाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ती मी मोडणार आहे. आढावा पुढच्या सत्रांतल्या निबंधांमधून मिळेलच. मला एकच मुद्दा मांडायचा आहे आणि तो आपल्यातल्या काहींना रुचणार नाही. जमिनीलगतच्या हवेतला संक्षोभ, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्याला सरळ टर्ब्युलन्स म्हणतो तो, संगणकावर उभा करण्याची विद्या गेल्या पन्नास वर्षांत फार पुढे गेली. त्या संगणकी वाऱ्याची साक्ष काढणारी मोजमापे मात्र मागे राहिली. आज आपले अडते ते संगणकावाचून नव्हे, मोजलेल्या वाऱ्यावाचून.

आधी हा वारा कुठला ते सांगतो. हवेचा जो थर जमिनीचा ताप आणि जमिनीचा अडथळा थेट अनुभवतो, तो सीमास्तर. भर दुपारी तो किलोमीटर-दीड किलोमीटर उंच असतो. तापलेल्या रानावरून उष्ण हवेचे लोट वर जातात, घारी पंख न हलवता त्यांच्यावर चढतात, चैत्र-वैशाखात वावटळी उठतात. खळ्यावर धान्य उपणणारा माणूस उन्हे वर येण्याची वाट पाहतो ती उगाच नाही. जमीन तापून हवा ढवळू लागली की वरचा वेगवान वारा खाली उतरतो. सूर्य कलला की हा कारखाना बंद पडतो. हिवाळ्यातल्या संध्याकाळी गावाबाहेर उभे राहून पाहा. चुलींचा धूर सरळ वर जातो आणि झाडांच्या शेंड्यांपाशी पोचल्यावर, न दिसणाऱ्या छताला टेकल्यासारखा, आडवा पसरतो. त्या रात्री सगळा सीमास्तर शंभर-दोनशे मीटरांत, कधी त्याहूनही कमी उंचीत मावतो. धुके, दहिवर, विमानतळावरची धूसर पहाट, शहराच्या छातीत साचणारी धूळ, हे सारे त्या छताखालचे व्यवहार.

या व्यवहाराची समीकरणे आपल्याला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहेत. नाविए आणि स्टोक्स यांची ती समीकरणे कोणी खोटी ठरवलेली नाहीत. अडचण वेगळीच आहे. या हवेतला सर्वांत मोठा भोवरा किलोमीटरभराचा आणि सर्वांत लहान, ज्याच्यात वाऱ्याची ऊर्जा अखेर उष्णता होऊन विरते तो, मिलिमीटरभराचा. एक घन किलोमीटर हवा मिलिमीटरच्या जाळीत पकडायची तर एकावर अठरा शून्ये इतके बिंदू लागतील. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत 2024 मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘अर्क’ या महासंगणकाची क्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स आहे. प्रत्येक बिंदूवर एका पावलाला हजारेक आकडेमोडी धरल्या, तर पूर्ण क्षमतेने धावूनही त्याला एक पाऊल टाकायला जवळपास एक दिवस लागेल. ते पाऊल असेल सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचे, कारण दहा मीटर वेगाचा वारा तेवढ्या काळात एक मिलिमीटर ओलांडतो. हिशेब पुढे नेला तर तासाभराचा वारा काढायला एक लाख वर्षे लागतात. आणि ती सारी संख्या साठवायची कुठे, हा प्रश्न मी विचारतच नाही.

म्हणून तडजोड करावी लागते, आणि ही तडजोडच आपली विद्या आहे. मोठे भोवरे मोजायचे, लहानांचा अंदाज बांधायचा. लार्ज एडी सिम्युलेशन म्हणतात ते हेच. समजा जाळीचे घर पन्नास मीटरचे आहे. त्या घरात एक वाडा, परसातले लिंबाचे झाड, गोठा, दोन गल्ल्या आणि एक उभा ट्रॅक्टर सहज मावतो. या सगळ्यांभोवती वारा कसा वळतो, कुठे थबकतो, पाचोळा कुठे फिरतो, याची संगणकाला काहीही खबर नसते. त्या सगळ्याच्या जागी एक आकडा असतो. जाळीतून सुटलेले भोवरे मोठ्या भोवऱ्यांची ऊर्जा किती वेगाने खातात, हे तो आकडा ठरवतो. जोसेफ स्मॅगोरिन्स्की यांनी 1963 मध्ये त्याचे सूत्र दिले. त्यातला स्थिरांक डग्लस लिली यांच्या सैद्धांतिक हिशेबाने 0.17 च्या आसपास येत होता. जेम्स डिअरडॉर्फ यांनी 1970 मध्ये अवघ्या 6,720 बिंदूंच्या जाळीवर दोन भिंतींमधला संक्षुब्ध प्रवाह उभा केला, तेव्हा त्यांना 0.10 हा आकडा लावावा लागला. फरक किरकोळ वाटतो. पण सूत्रात या स्थिरांकाचा वर्ग येतो, म्हणजे न दिसणाऱ्या भोवऱ्यांचा चिकटपणा जवळपास तिप्पट किंवा एक तृतीयांश होतो. समीकरणे निसर्गाची खरी, पण हा आकडा माणसाने निवडलेला आहे, हे आपण आपल्या रंगीत चित्रफिती दाखवताना विसरतो.

इथे पहिला आक्षेप येतो, तोही बाहेरून नव्हे, प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांकडून. असा निवडलेला आकडा पोटात घेऊन चालणारे सिम्युलेशन म्हणजे सजवलेली कल्पनाच नव्हे काय? जो वारा कधी वाहिलाच नाही, त्याच्यापासून काय शिकायचे? मला हा आक्षेप मान्य नाही, आणि त्याचे कारण धुराड्यांच्या इतिहासात आहे. उंच धुराड्यातून निघालेला धूर वाऱ्याबरोबर जाताना वर-खाली सारखाच पसरतो आणि त्याचा मध्य धुराड्याच्या उंचीवरच राहतो, असे जुने सूत्र सांगे. 1970 च्या दशकात विलिस आणि डिअरडॉर्फ यांनी खालून तापवलेल्या पाण्याच्या टाकीत वेगळेच पाहिले. उंचीवर सोडलेल्या धुराचा दाट गाभा थोडे अंतर गेल्यावर खाली उतरून जमिनीला टेकतो, आणि जमिनीवर सोडलेला धूर वर उचलला जातो. लँब यांनी 1978 मध्ये डिअरडॉर्फच्या संगणकी वाऱ्यात धुराचे कण सोडले, तर तेही तसेच उतरले. कारणही संगणकातच सापडले. दुपारच्या सीमास्तरात वर जाणारे लोट अरुंद आणि जोरकस असतात, त्यांच्या मधली खाली येणारी हवा संथ असते पण जास्त जागा व्यापते. म्हणून उंचीवरून निघालेला धूर उतरत्या हवेच्या हाती लागण्याची शक्यता अधिक. पुढे 1980 च्या दशकात कोलोरॅडोत 300 मीटर उंच मनोऱ्याजवळ उघड्या हवेतही हेच दिसले. जुन्या सूत्राने धुराड्याखालच्या वस्तीला जी ग्वाही दिली असती, ती चुकीची ठरली.

तेव्हा कधीच न वाहिलेल्या वाऱ्यापासून शिकता येते. पंढरीच्या वाटेवर कोणता वारकरी कोणत्या घटकेला कुठे असेल ते सांगता येत नाही, पण पालखीचा मुक्काम सांगता येतो. सिम्युलेशनमधला एकही भोवरा खरा नसतो, तरी भोवऱ्यांचा सरासरी स्वभाव खरा असू शकतो. दुपारच्या हवेसाठी याची खात्रीही करून झाली आहे. सलिव्हन आणि पॅटन यांनी 2011 मध्ये 1,024 च्या घनाइतक्या, म्हणजे 107 कोटी बिंदूंच्या जाळीपर्यंत जाऊन पाहिले. सरासरी वेग, तापमान, उष्णतेचा प्रवाह ही ठळक राशिमाने जाळी याहून बरीच जाड असतानाच स्थिरावली होती. सूक्ष्म राशिमाने मात्र जाळी बारीक करीत गेल्यावरही बदलत राहिली. दुपारी मोठे भोवरे राजे असतात, म्हणून लहानांबद्दलची चूक खपून जाते.

रात्री तसे होत नाही. हिवाळ्यातल्या स्थिर रात्री मोठे भोवरे मेलेले असतात, उरतात ते काही मीटरांचे, आणि तेच जाळीतून सुटतात. आर्क्टिकमधल्या निरीक्षणांवर आधारलेली एक मध्यम स्थिर रात्र घेऊन अकरा निरनिराळ्या सिम्युलेशन्सची तुलना झाली. बीअर आणि सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध केले. सव्वासहा मीटरच्या जाळीवर उत्तर कोणत्या सूत्राने लहान भोवऱ्यांचा अंदाज बांधला यावर हलत होते. एक-दोन मीटरपर्यंत उतरल्यावर सरासरी चित्र स्थिरावले. त्यातून निघालेली गोष्ट हवामान केंद्रांना अवघड वाटणारी होती. सिम्युलेशनमध्ये रात्रीची हवा जितकी मिसळते, त्याहून कितीतरी जास्त मिसळण हवामान-प्रारूपांच्या सूत्रांत धरलेली असते. ही निव्वळ बेफिकिरी नव्हे. मिसळण कमी केली की प्रारूपातली जमीन रात्री अवाजवी गारठते आणि मोठी वादळे प्रमाणाबाहेर खोल होतात, म्हणून ती जाणूनबुजून वाढवलेली आहे. एक चूक झाकायला ठेवलेली दुसरी चूक, असे मी तिला म्हणतो. धुक्याच्या पहाटेला तीच आपल्या अंगावर येते, कारण प्रारूपाने ढवळून टाकलेल्या हवेत धुके धरतच नाही.

आता ज्या सूत्रांच्या आधारावर सिम्युलेशनचा अगदी खालचा थर उभा असतो, त्यांच्याकडे वळू. जाळीचे सर्वांत खालचे घर आणि जमीन यांच्यातला व्यवहार जवळजवळ प्रत्येक सिम्युलेशन मोनिन आणि ओबुखॉव्ह यांच्या 1954 च्या सिद्धांताने भागवते. त्या सिद्धांतातली फलने मोजून काढावी लागतात, आणि सर्वांत जास्त वापरली गेलेली मोजमापे 1968 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात झाली. गव्हाची कापणी झालेले सपाट रान, जमिनीवर उरलेली धसकटे आणि 32 मीटर उंच मनोरा. पुढचा आवडता दाखला ऑस्ट्रेलियातल्या हे या गावाजवळच्या वांगारा प्रयोगाचा. तिथला तेहेतिसावा दिवस, 16 ऑगस्ट 1967, जगभरातल्या संगणकांत पुन्हा पुन्हा उगवला आहे. मला त्या मंडळींच्या कामाबद्दल आदरच आहे. पण तूर उभी असलेल्या, उन्हाळ्यात हातभर भेगाळणाऱ्या आणि पावसाळ्यात चिखल होणाऱ्या काळ्या जमिनीवरचा वारा आपण कॅन्ससच्या धसकटांवरून काढतो, हे निदान उघड बोलले पाहिजे.

भौतिकीचे नियम सगळीकडे सारखेच, मग जागेचा आग्रह कशाला, असे कोणी म्हणेल. नियम सारखे असतात, परिस्थिती सारखी नसते. आपल्याकडेच त्याचा पुरावा आहे. 1990 मध्ये मान्सूनच्या द्रोणीवरील सीमास्तराचा मोठा प्रयोग झाला, मॉन्टब्लेक्स. जोधपूर, दिल्ली, वाराणसी आणि खरगपूर येथे मनोरे उभारले गेले. जोधपूरच्या नोंदींवरून कुसुमा राव आणि रोद्दम नरसिंह यांनी दाखवले, की तापलेल्या जमिनीवर वारा मंद असताना वर जाणारी उष्णता वाऱ्याच्या वेगावर जवळपास अवलंबूनच राहत नाही, आणि वाऱ्याला जमिनीची ओढ वेगाच्या वर्गाच्या नव्हे तर वेगाच्याच प्रमाणात लागते. मंद वारा आणि कडक ऊन ही आपल्या देशातली रोजची जोडी आहे. ती समोर नसताना हे कोणाला सुचलेही नसते.

दुसरा आक्षेप नवा आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे शिकून घेईल. शिकेल, पण कशावरून? आजची नावाजलेली जागतिक भाकीत-यंत्रे मुख्यतः युरोपीय केंद्राच्या पुनर्विश्लेषणावर शिकलेली आहेत, त्याची जाळी सुमारे 31 किलोमीटरची. त्यातली रात्र त्याच जास्त मिसळणाऱ्या सूत्रांनी रंगवलेली आहे. शिष्य गुरूची चूक गुरूपेक्षा जलद पाठ करील, एवढेच. संगणक वेगवान होतील, हे उत्तरही पुरत नाही. जाळी निम्मी केली की खर्च सोळापट होतो.

तिसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. मनोरा एका जागी उभा असतो, तो चुकतोही. कॅन्ससच्या मनोऱ्याने कारमान स्थिरांक 0.35 दिला, आज आपण 0.40 धरतो, मनोऱ्यानेच वारा वाकवला असावा, असे पुढे म्हटले गेले. खरे आहे. मोजमापाला सिम्युलेशनची गरज आहेच. पण लुईस फ्राय रिचर्डसन यांचे उदाहरण विसरू नये. 20 मे 1910 या दिवसासाठी त्यांनी हाताने काढलेल्या भाकितात सहा तासांत 145 हेक्टोपास्कल दाबवाढ निघाली. प्रत्यक्षात वायुदाबमापक जवळजवळ हललाच नव्हता. त्यांनी ते उत्तर 1922 च्या ग्रंथात लपवले नाही. पीटर लिंच यांनी ते गणित पुन्हा केले तेव्हा कळले, की दोष समीकरणांत नव्हता, सुरुवातीला भरलेल्या वारा-दाबाच्या आकड्यांत मेळ नव्हता.

आपल्याकडे वाट अगदी अनोळखी नाही. महाबळेश्वरची मेघ-भौतिकी प्रयोगशाळा आहे, सोलापुरात ढगांच्या प्रयोगाचे काम झाले, दिल्लीच्या विमानतळावर 2015 च्या हिवाळ्यापासून धुक्याचा प्रयोग चालला. हे प्रयोग ढगांसाठी किंवा धुक्यासाठी आखलेले. शेतावरचा साधा वारा वर्षभर, अखंड, रात्रीसुद्धा मोजणे हे कमी चमकदार काम आहे, म्हणून ते मागे पडते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठे म्हणजे चार तऱ्हेच्या जमिनी. या प्रत्येक ठिकाणी तीस मीटरचा एक मनोरा असावा, त्यावर सेकंदाला दहा-वीस नोंदी घेणारे ध्वनी-वायुवेगमापक असावेत, आणि त्या नोंदी कोणत्याही विद्यार्थ्याला अर्ज न करता मिळाव्यात. महासंगणकाच्या खर्चाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. समारोपाच्या सत्रात ठराव मांडले जातील तेव्हा हा एक ठराव घ्यावा, आणि पहिला मनोरा परभणीच्या काळ्या रानात, रब्बीची ज्वारी उभी असतानाच उभारावा, अशी माझी या सभेला विनंती आहे.