तेरा घुमटांची वस्ती



शिकागो शहरातील युक्रेनियन वस्तीचा इतिहास हा विषय आम्ही आजच्या व्याख्यानासाठी घेतला, तेव्हा काही मित्रांना नवल वाटले. बेळगाव-निपाणीच्या माणसाला शिकागोशी काय कर्तव्य, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. म्हणून भेद आधीच सांगून टाकतो. ते लोक सातासमुद्रापलीकडे पोट भरावयास गेले. आम्ही कोठेही गेलो नाही, सीमारेषाच आमच्या अंगणातून गेली. दोन्ही दुःखांची जात एक नव्हे. परंतु आपले नाव दुसऱ्याने आपल्या दप्तरात त्याच्या मर्जीप्रमाणे लिहावयाचे, ही विटंबना मात्र उभयतांच्या चांगल्या परिचयाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गॅलिशियातील आणि कार्पाथियन डोंगरांतील शेतकरी अमेरिकेची वाट धरू लागले. त्यांचा मुलूख तेव्हा कोणाचा? गॅलिशिया ऑस्ट्रियाचा, डोंगरापलीकडची खेडी हंगेरीची, आणि पूर्वेकडचा सारा विस्तार रशियाच्या झारचा. साहजिकच बंदरावरच्या कारकुनाने कोणास ऑस्ट्रियन लिहिले, कोणास हंगेरियन, कोणास पोल, कोणास रुथेनियन. हे लोक स्वतःस ‘रुसिन’ म्हणवीत. युक्रेनियन हे नाव त्यांच्यापैकी अनेकांच्या ओठी रुळले ते अमेरिकेत आल्यावर. त्यांची परस्परसाहाय्य संस्था १८९४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील खाणकामगारांच्या मुलखात निघाली ती ‘रुस्की’ नावाने. ‘युक्रेनियन’ हा शब्द तिच्या पाटीवर चढला १९१४ मध्ये. त्यांचे ‘स्वोबोदा’ हे पत्र १८९३ पासून निघत आहे. परमुलखात मजुरांच्या वर्गणीवर पत्र चालविणे म्हणजे काय, हे वृत्तपत्राच्या धंद्यातील माणसास समजावून सांगावे लागत नाही.

शिकागोत हे लोक कत्तलखान्यांत आणि कारखान्यांत राबत. तेथे त्यांच्या नावावर हक्क सांगणारे तत्काळ हजर झाले. लुई सलिव्हन या ख्यातनाम वास्तुशिल्पीने आखलेले होली ट्रिनिटी हे ऑर्थोडॉक्स चर्च १९०३ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या खर्चात खुद्द झार निकोलस याची देणगी होती. या चर्चमध्ये जाणारे पुष्कळसे लोक याच कार्पाथियन-गॅलिशियन मातीतले. परंतु झारच्या छत्राखाली ते ‘रशियन’ म्हणून गणले जाऊ लागले. धर्मादाय एका हाताने द्यावा आणि जात दुसऱ्या हाताने लिहून घ्यावी, ही युक्ती सर्व साम्राज्यांना अवगत असते.

ज्यांना ही मोजदाद मान्य नव्हती, त्यांनी डॉ. वोलोदिमीर सिमेनोविच यांच्या पुढाकाराने सेंट निकोलस हा निराळा पॅरिश उभारला. आमच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातील मर्माची जागा येथे आहे. चर्चची मालमत्ता आपल्या नोंदलेल्या संस्थेच्याच नावावर राहील, आणि आपल्या पंथाच्या बिशपाखेरीज अन्य कोणाच्या हुकमतीखाली ती जाणार नाही, असे त्यांनी आरंभीच ठरवून टाकले. अमेरिकेतील लॅटिन पंथाचे बिशप या लोकांच्या विवाहित धर्मगुरूंकडे तिरस्काराने पाहत, त्या काळातील हा ठराव. निरक्षर म्हणून हिणविले गेलेले हे मजूर. पण खरेदीखत कोणाच्या नावे असावे, हे त्यांना पक्के कळत होते! १९१३ मध्ये कीव्हच्या नमुन्यावर तेरा घुमटांच्या मंदिराची कोनशिला बसली, आणि १९१५ च्या आरंभी तेथे प्रार्थना सुरू झाली.

आता एका तारखेकडे आपले लक्ष वेधतो. १ नोव्हेंबर १९१८ रोजी ल्विव्ह शहर युक्रेनियन सैनिकांनी ताब्यात घेतले. तो दिवस शिकागोतील वस्तीने वर्षानुवर्षे सणासारखा पाळला. १ नोव्हेंबर हा दिवस आपण १९५६ पासून कसा पाळतो, ते सांगावयास नको. ल्विव्ह तीन आठवड्यांत हातचे गेले. १९२३ मध्ये विजेत्या राष्ट्रांच्या राजदूतांनी पूर्व गॅलिशिया पोलंडला बहाल केला. तेथल्या रहिवाशांना कोणी विचारले नाही.

१९३३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. राष्ट्राराष्ट्रांचे मंडप सरकारी खजिन्यातून उभे राहिले. युक्रेनियनांना सरकारच नव्हते. त्यांनी आपसांत वर्गणी काढून मंडप उभारला आणि त्यात आर्चिपेन्को या शिल्पकाराची कामे मांडली. त्याच वर्षी सोव्हिएत युक्रेनमध्ये लक्षावधी माणसे सरकारनिर्मित दुष्काळाने मरत होती. डिसेंबरात त्या दुष्काळाविरुद्ध शिकागोच्या रस्त्यांवर मोर्चा निघाला, तेव्हा कम्युनिस्टांनी त्यावर हल्ला केला आणि अनेकांची डोकी फुटली. प्रदर्शनात मंडप पाहून गेलेल्या किती प्रेक्षकांना या दुष्काळाची वार्ता होती, कोण जाणे.

दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासितांची नवी लाट आली. अमेरिकेने १९४८ मध्ये विस्थापितांसाठी कायदा केला आणि जर्मनी-ऑस्ट्रियातील छावण्यांतून शिक्षक, वकील, डॉक्टर येथे उतरले. पैकी कित्येकांनी प्रारंभी कारखान्यात झाडू धरला. परंतु १९५१ मध्ये या वस्तीची पतपेढी निघाली, १९५२ मध्ये संग्रहालय, १९७१ मध्ये आधुनिक कलेची संस्था. शनिवारी मुलांसाठी मातृभाषेची शाळा भरे. पतपेढीचे नाव ‘स्वावलंबन’ या अर्थाचे आहे. घरासाठी कर्ज तेथून मिळे, म्हणून घरे चर्चभोवतीच राहिली.

या लोकांचे आपसांत मात्र सदैव सख्य होते, असे समजू नये. १९६८ च्या सुमारास सेंट निकोलसने जुने ज्युलियन पंचांग सोडून नवे ग्रेगोरियन स्वीकारले. नाताळ ७ जानेवारीचा २५ डिसेंबरला आला. तेरा दिवसांच्या या फरकावरून वस्ती दुभंगली. परंपरावादी मंडळी बाहेर पडली आणि दोन-चार चौकांच्या अंतरावर संत वोलोदिमीर व ओल्हा यांचे चर्च १९७३ पर्यंत उभे राहिले. बाहेरच्यांना हे भांडण हास्यास्पद वाटले असेल. आम्हांस वाटत नाही. ज्यांना भूमी नाही, त्यांना पंचांग हीच भूमी असते. आणि तेच पंचांग मुलांना शेजाऱ्यांपासून तोडीत असेल, तर ते बदलावे असे म्हणणाराही परका नसतो. शिकागोत दोन्ही पक्ष युक्रेनियनच होते, हे दोघांनाही मान्य करावयास पुष्कळ वर्षे लागली असतील.

१ डिसेंबर १९९१ रोजी युक्रेनमध्ये सार्वमत झाले. नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिले. त्यानंतर शिकागोत आणखी नवे लोक आले. जुन्या वस्तीत घरांचे भाव चढले, कुटुंबे उपनगरांकडे सरकली. चर्चे आणि संग्रहालय मात्र तेथेच राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले, आणि त्याच तेरा घुमटांच्या छायेत पुन्हा निर्वासितांच्या रांगा लागल्या. ज्या तेरा दिवसांपायी शिकागोत दोन चर्चे झाली, त्यांचा निकाल पुढच्याच वर्षी मायदेशाने लावला: जुलै २०२३ मध्ये युक्रेनने कायदा करून नाताळची सार्वजनिक सुटी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणली.